दाजींचं पितळी झाकण

दाजी गेल्याचा निरोप घेऊन त्यांचे शेजारी सकाळीच निगडीला माझ्या दारात आले, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण होता. मी त्यांना बसायला सांगितलं, उरलेली दाढी पूर्ण केली आणि मग निघालो. हे वाचून कुणाला राग आला तर येवो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं अशी रीत आहे, आणि गेला महिनाभर दाजींचं कौतुक ऐकून माझे कान किटले आहेत. शिस्तीचा माणूस, हातात जादू, शब्दाचा पक्का... सगळं खरं. पण या पक्क्या माणसाच्या घरात माझ्या अक्कानं वीस वर्षं कशी काढली, हे कुणी विचारलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमचे फोरमन. बासष्ट साली ते नारायणगावला आमच्याकडे मुलगी बघायला आले, तेव्हा त्यांनी चहा प्यायच्या आधी कप बशीवर डुगडुगतो का ते बोटानं तपासलं होतं. मला हा माणूस तेव्हाच आवडला नाही. वडिलांना फार आवडला.

पुढे त्यांनी कॅम्पातल्या एका डॉक्टरची जुनी काळी मोटार घेतली. तेव्हा संत तुकारामनगरच्या त्यांच्या गल्लीत दुसरी मोटार नव्हती. थोड्याच दिवसांत पेट्रोलच्या टाकीचं झाकण रस्त्यात कुठेतरी पडलं. बाजारातलं झाकण दाजींनी हातात घेतलं, नाक मुरडलं आणि दुकानदाराला परत दिलं. मग स्वतः लेथवर उभं राहून पितळेचं नवं झाकण केलं. आणि काय झाकण होतं! वैऱ्याचं असलं तरी चांगल्या कामाला चांगलंच म्हणावं. आरशासारखं चकचकीत, आट्यांवर लोण्यासारखं फिरणारं. "हवासुद्धा जाणार नाही," दाजी येईल त्याला सांगायचे. "करेक्ट फिटिंग."

त्याच सुमारास गाडीला बंद पडायची खोड लागली. दहा-बारा मैल झकास चालायची, मग गचके खाऊन रस्त्याच्या कडेला गप्प. दाजींची तपासणी ठरलेली होती. आधी झाकण उघडून टाकीत काठी घालायची आणि पेट्रोल बघायचं. उघडताना 'सूंऽऽ' असा आवाज आला की ते आमच्याकडे वळून हसायचे, "बघा, कसं घट्ट बसलंय!" मग बॉनेट उघडून पॉइंट घासायचे, प्लग पुसायचा, कार्बोरेटर फुंकायचा. अर्ध्या-पाऊण तासानं गाडी सुरू झाली की निकाल लागायचा... पॉइंटला कचरा होता. पुढच्या वेळी प्लगला तेल, त्याच्या पुढच्या वेळी पेट्रोलमध्ये पाणी. आणि काहीच सापडलं नाही तर दोष अक्काचा. ती दार आपटते, ती एका अंगाला बसते. दुसऱ्या कुणाला त्यांनी बॉनेटला हात लावू दिला नाही.

आमची आई अत्यवस्थ असल्याची तार मी नारायणगावहून केली, त्या दिवशी मी आईच्या उशाशी बसून होतो. आई सारखी दाराकडे बघत होती. तिकडे गाडी चाकणला बंद पडली. समोर स्टँडवर नारायणगावची एसटी उभी होती, निम्मी रिकामी. अक्का म्हणाली, "मी हिनं जाते, तुमी मागनं या." बॉनेटमधून डोकंही वर न काढता दाजी म्हणाले, "स्वतःची गाडी असताना माझी बायको एसटीनं जाणार? बस गप." ती बसली. एसटी गेली. गाडी खेडच्या घाटात पुन्हा बंद पडली, मंचरच्या पुढे पुन्हा. अक्का पोचली तेव्हा आईला अंगणात आणून ठेवलं होतं. दाजींनी चार माणसांत सांगितलं, "आईसाठी मऊ भात करून डबा भरत बसली. तिथंच उशीर झाला." अक्कानं मान खाली घातली. तिला ते खरं वाटलं... त्यानंतर मुलांच्या आजारपणातसुद्धा तिनं घरात मऊ भात केला नाही.

दोन-तीन वर्षांनी दिवाळीच्या तोंडावर मी तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तिनं तेलाचा नवा डबा पुढे ओढला, खिळा ठेवून बत्त्यानं एक भोक पाडलं, मग दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक. मी सहज विचारलं, "दोन कशाला?"

"एक तेलाला, एक वाऱ्याला. वारा आत शिरला न्हाई तर तेल येतंय व्हय? नुसतं गचके खातंय."

'गचके' म्हणाली आणि थांबली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दाजी दुसऱ्या पाळीला गेले होते. मी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली, टाकीचं झाकण वारा शिरेल इतकं अर्धा फेरा सैल केलं आणि अक्काला घेऊन लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो. गाडी एकदाही अडली नाही. परतताना अक्का खिडकीबाहेर बघत रडत होती. दाजी जेवायला बसले तेव्हा मी आवाज चढवूनच सांगितलं, की आई दाराकडे बघत गेली ती तुमच्या झाकणामुळे, भाताच्या डब्यामुळे नाही. दाजींनी घास गिळला. "झाकणात दोष नाही. मापात शंभर टक्के आहे."

"मग एक भोक पाडा त्याला," अक्का म्हणाली.

"चांगल्या जॉबची वाट लावू?" ते म्हणाले, आणि ताक मागितलं.

भोक पडलं नाही. त्याऐवजी दाजी दर दहा मैलांवर गाडी थांबवून झाकण उघडायला आणि लावायला लागले. त्याला ते 'इंजिनची विश्रांती' म्हणत. आईबद्दल शेवटपर्यंत एक शब्द नाही. गाडी विकली ती बाजारातलं झाकण लावून. पितळी झाकण शोकेसमध्ये गेलं. दर रविवारी ते त्याला पॉलिश करायचे, आणि मी जेवायला बसलो की ते माझ्या डोळ्यांसमोर चमकत असायचं. मी त्यांना माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

परवा अक्काकडे गेलो. भिंतीवर दाजींचा फोटो, त्याला हार, खाली स्टुलावर उदबत्ती. उदबत्ती त्या झाकणात खोचलेली होती. बरोबर मधोमध भोक.

"कुणी पाडलं?"

"मीच भोसरीला घिऊन गेले हुते. तिथला मानूस म्हनला, बाई, एवढं सुबक काम कशाला नासताय? म्हनलं, तू पाड."

मी फोटोकडे पाहिलं. अक्का आत गेली आणि माझं ताट घेऊन आली. ताटात मऊ भात होता, वर तूप.