पाडापाडीचा बुधवार

भालचंद्र चुरीला माणसं आवडत नसत आणि माणसांनाही तो आवडत नसे. त्या बाबतीत कोणाची कोणाकडे तक्रार नव्हती.

जितेशशेठची कंपनी माणिकपुरात, तिसऱ्या मजल्यावर. कामणच्या गोदामांतला कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये जायचा, ते तिथल्या प्रोग्रामवर ठरे. एकोणीस वर्षांपूर्वी भालचंद्रने तो एकट्याने लिहिला आणि त्याबद्दलचा एक कागदही कोणाला दिला नाही. ही अक्कल त्याला कॉलेजात नव्हे, घरच्या वाडीत आली होती. चार भावांत विहीर एक, आणि मोटरीच्या खोलीची किल्ली थोरल्या काकाच्या कमरेला. केळी कोणाच्या का असेनात, काकाला रामराम घातल्याशिवाय पाणी सुटत नसे.

चार वर्षांपूर्वी सगळं क्लाउडवर गेलं. त्यासाठी आर्या नावाची तिशीतली आर्किटेक्ट आली. तिने त्या अगडबंब प्रोग्रामचे चाळीस तुकडे केले आणि प्रत्येकाच्या तीन तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवल्या. एक पडली तर दुसरी सांभाळेल. सगळं असं बारीक चिरून ठेवलं म्हणून भालचंद्र तिला कोथिंबीर म्हणे. तोंडावर म्हणे. ती हसत नसे, आणि विसरतही नसे.

एक तुकडा मात्र त्याने हातचा सोडला नाही, ट्रकला नंबर देणारा. एकच नंबर दोन ट्रकना जाऊ नये म्हणून तीन प्रतींपैकी एका वेळी एकीनेच काम करायचं, बाकीच्या दोघींना कुलूप. पण कुलूप लावणारी प्रतच मध्ये कोसळली की कुलूप तसंच राही आणि फाटकावर ट्रक तुंबत. आठवड्यातून चार-पाच पहाटा हेच. ठरावीक वेळाने कुलूप आपोआप सुटावं, यासाठी जेमतेम चार ओळी लिहायच्या होत्या. त्या भालचंद्रला पहिल्या दिवसापासून ठाऊक होत्या. त्याने लिहिल्या नाहीत. त्याऐवजी रोज सकाळी साडेसहाला घरून लॉगिन करायचा, कुलूप सोडायचं बटण दाबायचा आणि शेठला फोन लावून सांगायचा की ट्रक सोडले. कुलूप खरंच लागलंय का, हेही आताशा तो बघत नसे. शेठ आभार मानायचा. अडला हरी, दुसरं काय करणार?

मार्चअखेर भालचंद्रला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. पुढे ठेवायचं की नाही, यावर शेठ मूग गिळून होता. बायको, जयवंती, म्हणाली की आता वाडीकडे बघा. वाडीत त्याला कोण विचारणार? त्याला ऑफिसातच राहायचं होतं, आणि आर्याच्या नाकावर टिच्चून राहायचं होतं.

मार्चमध्ये आर्याने नवंच काढलं. दर बुधवारी एक भाग मुद्दाम पाडायचा आणि बाकीचं उभं राहतं का ते बघायचं. पहिल्या बुधवारी तिने डेटाबेसची एक प्रत पाडली, दुसऱ्या बुधवारी अख्खं एक सर्व्हर केंद्र. काही थांबलं नाही. भालचंद्रने सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, बाईंना घर पाडून बघायची हौस आहे.

तिसऱ्या बुधवारी साडेसहाला त्याचा पासवर्ड चालेना. तीनदा टाकला, तीनदा नकार. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मग त्याच्या ध्यानात आलं की आता सगळं अडणार, आणि त्याला चक्क आनंद झाला. फोन मांडीवर घेऊन तो बसून राहिला. सात वाजले, आठ वाजले. फोन वाजला नाही. शेठला तोंड दाखवायची लाज वाटत असेल, असं त्याने ठरवून टाकलं आणि नऊला स्कूटर काढून कामणला निघाला, ट्रकची रांग डोळे भरून बघायला. शेठने हात जोडले तरी लगेच हो म्हणायचं नाही, हेही वाटेत ठरलं.

फाटकावर रांग नव्हती. तिथला वॉचमन मार्सेल स्टुलावर पेपर वाचत होता.

"कसली रांग, सर? पहाटेच्या गाड्या कधीच गेल्या," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले, थांबायला लागतच नाही."

भालचंद्र तसाच माणिकपूरला आला. आर्याच्या टेबलामागे भिंतीवर बुधवारची यादी लावलेली होती. डेटाबेस, सर्व्हर केंद्र, आणि खाली ताज्या शाईत: भालचंद्र चुरी, बंद सकाळी सहापासून, परिणाम काही नाही. शेठ शेजारीच चहात बघत बसला होता.

माझं कुलूप मी रोज सोडतोय, काल सकाळीही सोडलं, असं भालचंद्र ओरडला. आवाज मजलाभर गेला.

"तुमचा तुकडा मी नव्याने लिहिला, सर. तीन आठवडे तोच चालतोय," आर्या म्हणाली. "तुमचं बटण फक्त तसंच ठेवलं. त्याच्यामागे काही नाही."

मला सांगितलं का नाही, असं त्याने विचारलं. या वेळी आवाज टेबलापलीकडेही गेला नाही.

"चार वर्षं तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

भालचंद्रने शेठकडे पाहिलं. शेठने मान वर न करताच सांगितलं की एकतीस तारखेला तुमच्या निरोपाचं जेवण ठेवलंय, सगळं आर्याच बघतेय, तर व्हेज की नॉनव्हेज तेवढं तिला कळवा.