मास्तरांची शेवटची चाल

लोणारमध्ये मास्तरांचा बँड होता. त्यात मी सोळा वर्षं ट्रंपेट वाजवला. आम्ही बाकीचे शेती सांभाळून लग्नसराईपुरते बँडवाले. मास्तरांना मात्र दुसरं काही नव्हतंच.

सिनेमातली गाणी आम्हीही वाजवायचो. पण वरात मांडवाजवळ आली की मास्तर हात वर करायचे आणि त्यांनी स्वतः बांधलेली एखादी चाल सुरू व्हायची. मध्येच ते एकेकाला मोकळं सोडायचे. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी घाबरून ट्रंपेट खाली घेतला.

"काऊन थांबला बे?" ते भर वरातीत ओरडले. "तुह्या मनचं वाजव. चुकला तर आम्ही आहो ना सांभाळाले!"

या चाली कधी कागदावर उतरल्या नाहीत. सूर लिहिणं आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. मास्तर गुणगुणायचे, आम्ही उचलायचो.

मग डीजेच्या गाड्या आल्या. अमडापूरच्या एका लग्नात आमच्या मागेच तसली गाडी लावली होती. तिच्या दणक्यात मला माझाच ट्रंपेट ऐकू येईना. मास्तर मात्र गळ्याच्या शिरा फुगवून वाजवतच राहिले. शेवटी नवरदेवाचा मामा जवळ आला.

"बंद करा आता, मास्तर. कोणालेच ऐकू येऊन नाही राह्यलं."

मास्तरांनी ट्रंपेट पुसला, पेटीत ठेवला आणि वरात पुढे जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यानंतर एकेक माणूस सुटत गेला. आम्ही पाचच उरलो.

त्याच वर्षी त्यांच्या गालात गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांना कधी सुटलाच नव्हता. शहरातल्या दवाखान्यात अर्धा जबडा काढला, जिभेचाही तुकडा गेला. ओठ मिटेनात. फुंकणं संपलं, गुणगुणणंही.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या बायकोने, आमच्या चाचींनी, मला खाटेजवळ बसवलं. मास्तरांनी माझं मनगट ओढून घेतलं आणि तीन बोटांनी त्यावर दाबायला लागले. ट्रंपेटला तीनच कळा असतात. ते काय करताहेत ते मला लगेच कळलं.

चाची म्हणाल्या, "नवीन चाल बांधली, असं खुणेनं सांगतेत. दवाखान्यात बी बोटं चालूच होती."

मी रोज दुपारी जायला लागलो. पण ट्रंपेटवर त्याच कळा दाबून खालचा सूर निघतो आणि वरचाही. कोणता काढायचा ते ओठ ठरवतात, आणि मास्तरांचे ओठ तर मिटतच नव्हते. मी अंदाजाने वाजवून दाखवायचो. बरोबर असलं की ते डोळे मिटायचे. चुकलं की मनगटावर नख रुतवायचे. पहिला भाग असा आठवडाभरात बसला. दुसऱ्या भागात मी इतका चुकलो की एकदा ते भिंतीकडे तोंड करून रडले. मी वाजवायचं थांबवलं. दोन दिवस गेलोच नाही, कारण ते रडणं मला बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेल्याचा फोन आला.

त्या दोन दिवसांचं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पुढच्या लग्नसराईत सुलतानपूरला आम्ही ती चाल वाजवली. दुसरा भाग मी मनानेच जोडला होता. लोकांना आवडली. एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. "मास्तर ते मास्तरच," तो म्हणाला.

परतताना टेम्पोत आमचा ढोलवाला माझ्याशेजारी येऊन बसला. मास्तरांबरोबर तो माझ्याही आधीपासूनचा.

"मागचा भाग त्याईचा नाही," तो म्हणाला.

"हाव," मी कबूल केलं.

तो ढोलाच्या दोऱ्या सैल करू लागला. आता पंचक्रोशीत ती चाल मास्तरांची म्हणूनच ओळखली जाते. लोक तीच मागून घेतात, आणि मी वाजवतो.