धूसर हातांचा फोटो
फोकस साधताना कॅमेरा टाकतो तो लाल उजेड कलाकाराच्या तोंडावर पडू नये म्हणून कॅमेऱ्याला लावलेली काळी चिकटपट्टी काल सुटली आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमधली गाण्याची बैठक आठवली. गायिकेला उजेड खुपतो म्हणून दोनच पिवळे दिवे होते. मोगऱ्याचा आणि सतरंज्यांचा वास कोंडला होता. तबल्यावर शेजाऱ्यांची मुलगी, पहिल्यांदाच. तिला शिकवणाऱ्या वडिलांना गुडघ्यांमुळे तीन जिने उतरणं शक्य नव्हतं. “काका, बाबांना दाखवायला माझे हात स्पष्ट येतील असा एक तरी फोटो काढा ना,” ती म्हणाली होती. त्या उजेडात शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाहून जलद ठेवता येईना, त्यामुळे फोटोत हलत्या हातांचा नुसता धूर दिसे. स्पष्ट आला एकच, आलाप चालू असताना ती हात मांडीवर ठेवून बसलेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी तोच तिच्या वडिलांपुढे केला. “यात ती कुठे वाजवतेय? वाजवतानाचा दाखव की रे,” वडील म्हणाले. मी ओशाळून एक धूसर फोटो दिला. त्यांनी तो बराच वेळ निरखला. “उजवा छान सुटलाय. डावा अजून घाबरतोय, बघ, फारसा हललाच नाहीये.” दारातून ती म्हणाली, “घाबरलेच होते, बाबा.” काल सुटलेली पट्टी मी पुन्हा चिकटवली. स्पष्ट फोटो माझ्याकडेच राहिला. धूसर त्यांच्या भिंतीवर आहे.