दोरी, बंदूक, की पेटी?

आमच्या घरातली नायट्रोवर चालणारी रिमोटची गाडी माझी आहे, हे नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं. मुळात ती मुलाची. नोकरीसाठी पुण्याला जाताना तो म्हणाला होता, "आई, महिन्यातून एकदा इंजिन चालू करत जा, न्हाईतर आतून गंज धरतं." मी महिन्यातून एकदा करू लागले, मग आठवड्यातून एकदा. त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी सकाळी जालन्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर सात-आठ जण आपापल्या गाड्या घेऊन जमतात, त्यांत मी एक. बाकी सगळे पुरुष.

गाडी हातभर लांब, वजन साडेतीन किलो. इंजिन मोसंबीएवढं, पण खरं. ते पेट्रोलवर चालत नाही, त्याला नायट्रो नावाचं इंधन वेगळं मागवावं लागतं. इंजिनाच्या मागं दोरी असते. फवारणीच्या पंपासारखी ती ओढली की इंजिन फिरतं आणि नशीब बरं असेल तर पेटतं.

मागच्या दिवाळीनंतर माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्ष लागेल. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा निघेना. ते मी सोसलं. पण दोरी ओढताना कोपर मागं न्यावं लागतं, आणि तेवढंच नेमकं जमत नव्हतं.

मैदानावर माझ्याआधी दुसऱ्यांचे हात पुढं यायला लागले. "वहिनी, द्या इकडं, मी वढतो." माणसं चांगली आहेत, तक्रार नाही. पण जो ओढायचा तो इंधनाचा स्क्रूही आपल्या मताप्रमाणे फिरवायचा, आणि माझी गाडी दर रविवारी वेगळी वागायची. त्यात एक बियाणाचे दुकानदार आहेत. त्यांनी एकदा फवारणीच्या पंपासारखा जोर लावून दोरी शेवटापर्यंत ओढली. ही दोरी दीड वितीपेक्षा जास्त ओढायची नसते. आतली स्प्रिंग तुटली. ते म्हणाले, "इंजन जुनं झालं, वहिनी. सोडा आता हे."

मुलानंही फोनवर तेच सुचवलं, जरा गोड शब्दांत. बॅटरीवरची गाडी पाठवतो, बटण दाबलं की चालू. मी नको म्हणाले. मला दुसऱ्यानं चालू करून दिलेली गाडी नको होती आणि चालू करावीच लागत नाही अशीही नको होती. तीन आठवड्यांनी मैदानावर शर्यत होती. इंजिन चालू करायला प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मी ठरवलं, त्या दिवशी ते माझ्या हातानं चालू झालं तर ठीक, नाहीतर गाडी मुलाकडं पाठवून द्यायची. हे घरात बोलून टाकलं, म्हणजे मागं फिरता येऊ नये.

मी शाळेत गणित शिकवते. अंदाजावर सोडून देणं मला जमत नाही. नवी स्प्रिंग बसवली आणि माहेरून, वाटूरहून, कापूस मोजायचा हुकाचा काटा मागवला. तो दोरीच्या मुठीत अडकवून नवऱ्याला ओढायला लावलं. दहा वेळा. थंड इंजिनाला साडेआठ किलो जोर लागला. केस वाळवायच्या यंत्रानं इंजिनाचं डोकं गरम केल्यावर सहा. मग काटा खिडकीच्या गजाला बांधून माझे हात मोजले. उजवा हात न दुखता तीन किलो, डावा सात. कागदावर डावा हात पास झाला. पण डाव्या हातानं दोरी तिरकी ओढली जाते आणि भोकाच्या कडेला घासते. तिसाव्या ओढीला तिचे धागे सुटलेले दिसले. ऐन शर्यतीच्या वेळी तुटणारी दोरी मला नको होती.

दुसरा पर्याय बंदुकीचा. म्हणजे हातात धरायची बॅटरीची मोटर. तिची दांडी इंजिनाच्या पाठीत घालायची आणि घोडा दाबायचा. बियाणवाल्यांनीच आपली वापरायला दिली. वजन सातशे ग्रॅम, त्याचा काही त्रास नाही. पण इंजिनात इंधन जास्त झालं की ते अडतं आणि सगळा हिसका हातात येतो. वीस वेळा करून पाहिलं, तीन वेळा हिसका बसला. तिसऱ्या वेळी मी पाव तास खांदा धरून बसले.

नवरा म्हणाला, "विसात सतरा वेळा तर चालू झालं की."

"तुमच्या मोटारसायकलचा ब्रेक विसात सतरा वेळा लागला तर चालेल का?"

ते चहा टाकायला गेले.

राहिली पेटी. पेटीच्या आत मोटर आणि वर डोकावणारं रबरी चाक असतं. गाडी पेटीवर ठेवून खाली दाबली की आपोआप खटका बसतो, चाक फिरतं आणि गाडीच्या पोटातल्या भोकातून इंजिनाच्या चकतीला लागून ते फिरवतं. जालन्यातच मस्तगडला पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार भरून देणारे एक उस्ताद आहेत, नवऱ्याच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी मोटारसायकलच्या सेल्फची मोटर घालून आठ दिवसांत पेटी तयार केली. "भाभी, दोरीबिरी सोडा. नुसती दाबा, जल्दी पकडती."

त्यांच्या टेबलावर मी गाडी दाबली. चाक चकतीला लागायच्या आत खांद्यातून अशी कळ गेली की मी हात सोडला.

"मंग भाईसाबला दाबू द्या," उस्ताद म्हणाले.

"मग गाडीही त्यांनाच चालवू द्या."

"ते बी बराबर हाय," म्हणून त्यांनी पेटी बांधून दिली.

चार दिवस मी पेटीकडं पाहिलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी खाली बसून ज्वारीचं पीठ मळत होते. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी, तळहाताच्या बुडानं रगडावं लागतं. दहा भाकरींचं पीठ मळून झालं आणि लक्षात आलं, खांदा काहीच म्हणाला नाही. मी उठले, वजनकाटा आणला, त्यावर परात ठेवली आणि परत मळायला बसले. परात आणि पीठ वजा करून काटा नऊ-दहा किलो दाखवत होता.

नवरा दारात येऊन उभा. "काय करून राह्यलीस? भाकरी तोलून देणार का आता?"

"जोर मोजतेय. ती पेटी आणा."

पेटी काट्यावर, तिच्यावर गाडी ठेवून त्याच बैठकीत दाबली. सहा किलोला चाक चकतीला लागलं. खांदा गप्प. म्हणजे अडचण जोराची नव्हती, उंचीची होती. टेबलावर दाबताना कोपरं बाहेर आणि वर येतात. जमिनीवर बसलं की हात समोर, सरळ खाली जातात. सगळे पेटी टेबलावर ठेवतात कारण सगळे उभे असतात. एवढंच कारण.

मी इंजिनाची दोरी काढली आणि तिथं साधं झाकण बसवलं. त्यानं वजन कमी झालं, पण आता दोरीचा आधारही राहिला नाही.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर पोतं अंथरून मी बसले.

"वहिनी, भाकऱ्या थापायला बसल्या का?" कुणीतरी म्हणालं.

"हो. तुम्हाला कडक लागते का मऊ?"

सगळे हसले, मीही हसले. मी टाकीत इंधन भरत होते तेव्हा त्यांच्यातल्याच एकानं मदत म्हणून पेटीचे चिमटे बॅटरीला लावून दिले. वेळ सुरू झाली. मी गाडी दाबली. चाक लागलं, इंजिन गुरगुरलं, पकडलं नाही. पुन्हा दाबली. गुरगुर, आणि काही नाही. बियाणवाले हात पुढं करून आले. "द्या इकडं, वहिनी, टाइम जाईल."

"दोन मिनिटं वीस सेकंद आहेत," मी म्हणाले. "थांबा."

गाडी उचलून बाजूला ठेवली आणि नुसता खटका बोटानं दाबून चाकाकडं पाहिलं. चाक माझ्या दिशेनं फिरत होतं. ते पलीकडं फिरायला हवं. लाल चिमटा बॅटरीच्या काळ्या बाजूला लागला होता. मी चिमटे बदलले, गाडी ठेवली, दोन्ही तळहात लावून दाबली. एक, दोन, तीन. इंजिनानं असा आवाज टाकला की बियाणवाले एक पाऊल मागं सरले. निळसर धूर माझ्या तोंडावर आला. तो वास मला आवडतो, पण त्या दिवशीइतका कधी आवडला नव्हता. एक मिनिट पन्नास सेकंद शिल्लक होते.

मी उठले, रिमोट घेतला आणि गाडी मैदानात सोडली. स्क्रूला कुणी हात लावलेला नव्हता. वळणावर ती मला माहीत होती तशीच वागली.

शर्यत संपल्यावर तिथूनच नवऱ्यानं मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"कितवी आलीस, आई?"

"तीन सेकंदांत चालू झाली."

"अगं, नंबर विचारतोय."

नंबर सातांत पाचवा होता. तो मी त्याला सांगितला, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्याआधी त्याला परातीपासून चिमट्यांपर्यंत सगळं ऐकावं लागलं, आणि मी ते जरा मोठ्यानं सांगितलं, कारण आजूबाजूला सगळे उभे होते.