चौदा नंबरच्या जागेवरची गाडी

त्रिंबक मामांना गाड्या ओळखू येत, त्यांचे नंबर वाचता येत नसत. सात वर्षं ते आमच्या इमारतीचे वॉचमन होते आणि सात वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शहराच्या सातारा परिसरात, बीड बायपासच्या पलीकडे ही इमारत आहे. चार मजले, बत्तीस घरं आणि खाली खांबांच्या मधे पिवळ्या रंगानं आखलेल्या वीस गाड्यांच्या जागा. रस्त्यापलीकडे मंगल कार्यालय. लग्नसराई लागली की वऱ्हाडाच्या गाड्या रस्ता भरून उरत आणि फाटकातून आत शिरत. जागेचा धनी संध्याकाळी कामावरून येऊन हॉर्न दाबत उभा राही, तेव्हा जागा घेतलेला पाहुणा समोर पंगतीत बसलेला असे. मागच्या हिवाळ्यात यावरून दोनदा कॉलरी धरल्या गेल्या. मग सोसायटीनं दोन जॅमर आणले. चाकाला लोखंडी चिमटा बसवायचा, कुलूप घालायचं आणि मालक शोधत आला की उघडायचं. किल्ल्या मामांच्या कमरेच्या करगोट्याला.

मामा पाचोडच्या पुढच्या एका वस्तीवरचे. आजा-पणज्यापासून घरात मेंढरं. चराईची रानं कमी होत गेली, उरलेली पंचवीस मेंढरं धाकट्या भावानं ठेवून घेतली आणि मामा बायकोला, कस्तुराबाईंना घेऊन शहरात आले. इमारतीनं त्यांना नोकरी दिली आणि जिन्याखालची खोली. खोलीला एक मोरी, एक खिडकी. उभं राहिलं की मामांची टोपी जिन्याच्या उतरत्या छताला लागे. कस्तुराबाई जिने झाडत. गावाकडचं घर आता भावाच्या नातवंडांनी भरलं होतं. दोघांचं म्हणावं असं छप्पर ते एवढंच.

मामा गाडी बघत ती जनावर बघावं तशी. कुणाच्या दाराला पोचा, कुणाचा आरसा कलता, कुणाचं मागचं चाक चालताना कुई करतं, हे त्यांना पाठ. फाटकाशी नुसता आवाज आला तरी ते खाटेवरून न उठता सांगत, “शिवराज सर आले.” आणि शिवराज सरच असत. ते सोसायटीचे सेक्रेटरी, वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला.

जॅमर हाती आल्यावर मामांनी आपल्याकडची रीत लावली. दुसऱ्याचं मेंढरू कळपात शिरलं तर त्यांच्याकडे ते बांधून ठेवतात, चारापाणी करतात. मालक आला की त्यानं जनावर समोर नसताना खूण सांगायची. कानाला काप कुठल्या बाजूनं, डाग कुठल्या मांडीवर. खूण पटली की मेंढरू मोकळं. राखणाऱ्यानं मात्र खूण तोंडातून काढायची नाही. एकदा ती चारचौघांत झाली, की उद्या कुणीही तीच सांगून जनावर घेऊन जाईल.

तर लग्नातून घामाघूम होऊन आलेल्या पाहुण्याला मामा फाटकातच अडवत. “खूण सांगा.”

“अरे चाचा, नंबर देख लो ना!”

“नंबर तं पाटीवर लिवलाय. तो कुनीबी वाचंल. खूण सांगा.”

मग कुणी मागच्या काचेला चिकटवलेला वाघ सांगे, कुणी पुढच्या सीटवर राहिलेली अहेराची पिशवी. तळमजल्यावरच्या मनकर्णाबाई ओट्यावर बसून हे रोज बघत. सत्तरी ओलांडलेली बाई, घरात एकटी. “त्रिंबका,” त्या ओरडायच्या, “उद्या नवरीनं नवऱ्याची खूण विचारली तर तिकडं लगीन मोडंल रे!” पाहुणेसुद्धा हसत. हसण्याहसण्यात भांडणं कमी झाली. नंबर वाचता न येणं या रीतीखाली झाकून गेलं, ते मात्र कुणाला दिसलं नाही.

चौदा नंबरची जागा दुसऱ्या मजल्यावरच्या गोकुळ शेठची. वैजापूरला कांद्याची आडत, मुलीच्या शिक्षणासाठी इथं फ्लॅट. मोठी पांढरी गाडी. मुलगी श्रेया बारावीला.

महाशिवरात्रीच्या दुपारी घरातले सगळे देवळात गेलेले असताना श्रेया किल्ली घेऊन खाली आली. मामा फाटकाशी होते. तिनं गाडी सुरू केली, थोडी पुढे घेतली, मागे घेताना खांबावर घातली. आवाज मोठा झाला. ती उतरली. मग ओढणीच्या टोकानं पत्र्याला लागलेला खांबाचा पिवळा रंग पुसू लागली. मामांनी नळाजवळची बादली तिच्यापाशी नेऊन ठेवली. आणि परत फाटकाशी जाऊन बसले.

संध्याकाळी गोकुळ शेठनं पोचा पाहिला. “त्रिंबक! तू इथं बसतो कशाला? झोपायला? कुणी ठोकली माझी गाडी?”

“नजर चुकली आसंल, शेठ.”

“नजर चुकली! मेंढरं राखायची लायकी नाही, चालला गाड्या राखायला.”

वर खिडकीत श्रेया होती. तिनं पडदा ओढून घेतला.

मे महिन्यात शेठनं गाडी गॅरेजला टाकली. चांगले दहा दिवस. पोचे काढले, मागची काच बदलली, बंपर नवा बसवला, सगळ्या अंगाला रंग दिला. जुन्या काचेबरोबर सोसायटीचं स्टिकरही गेलं. गॅरेजवाल्यानं गाडी आणून दिली ती नेमकी पाणी आलेल्या सकाळी. नळाला आठवड्यानं पाणी, त्यामुळे मामा मागच्या बाजूला हौदापाशी. गॅरेजचा माणूस आला, चौदा नंबरला गाडी लावली, किल्ली वर देऊन गेला. मामा पुढे आले तेव्हा चौदा नंबरला एक गुळगुळीत, अनोळखी गाडी उभी होती. समोर मंगल कार्यालयात सनई चालू होती. शेठची गाडी तर गॅरेजात. मामांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. ओळखीचं काही दिसेना. त्यांनी जॅमर आणला, चाकाला घातला, कुलूप दाबलं आणि परत हौदाकडे गेले.

त्या दिवशी श्रेयाची सीईटी होती. केंद्र चिकलठाण्याला, फाटक साडेनऊला बंद. सव्वाआठच्या सुमाराला शेठ आणि श्रेया खाली आले.

“त्रिंबक!”

मामा ओल्या हातांनी धावत आले. “काय झालं, शेठ?”

“काय झालं? माझ्या गाडीला जॅमर? उघड आधी!”

मामांनी शेठकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. “शेठ, तुमची गाडी गॅरेजात हाय.”

“आली गॅरेजातून! हीच ती!”

मामा खाली वाकले. डाव्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत त्यांनी तळहात फिरवला, तिथं पोचा असायचा. हाताला काही लागलं नाही. उजवीकडे गेले. तिथंही नाही. “ही तुमची नाय,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, नुसती काळजी होती. शेठची जागा कुणीतरी बळकावतंय आणि शेठ घाईत फसतायत, असंच त्यांना वाटत होतं.

“डोकं फिरलं का तुझं? नंबर वाच! वाच ना पाटी!”

मामांनी पाटीकडे बघितलं. बघत राहिले.

“वाच म्हणतो मी!”

“शेठ, तुमी... तुमी खूण सांगा.”

गोकुळ शेठचा हात उठला आणि हवेतच थांबला. श्रेयाची आई रत्नमालाबाई वरून गाडीचे कागद घेऊन धावत खाली येत होत्या. मनकर्णाबाई ओट्यावरून उठल्या होत्या. दोन मजल्यांवरून माणसं वाकून बघत होती. कमरेच्या किल्ल्या मामांनी मुठीत घट्ट धरल्या होत्या. आठ पंचवीस झाले.

श्रेया पुढे झाली. हॉल तिकिटाची फाइल तिनं छातीशी धरली होती. “मामा, उघडा ना. आमचीच आहे,” ती म्हणाली. आणि आणखी हळू, “तो पोचा काढला.”

मामा तत्काळ खाली बसले. ओल्या हातात किल्ली दोनदा निसटली. जॅमर निघाला, गाडी फाटकातून भरधाव गेली. बायपासवर त्या दिवशी रस्त्याचं काम चालू होतं. श्रेया केंद्रावर पोचली तेव्हा पोलीस फाटक ओढत होता. ती आत जाणारी शेवटची.

गोकुळ शेठनं त्या दुपारीच शिवराज सरांना फोन केला आणि संध्याकाळी सात वाजता खाली मीटिंग लागली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एकवीस घरांची माणसं. मामा चौदा नंबरजवळच्या खांबाला टेकून उभे. कस्तुराबाई आपल्या खोलीच्या उंबऱ्यात.

“माझं म्हणणं सरळ आहे,” गोकुळ शेठ म्हणाले. “एजन्सीचे गार्ड घ्या. शिकलेले. याला वाचता येत नाही. आज माझ्या पोरीचं वर्ष गेलं असतं. खोली रिकामी करा, तिथं गार्डचं ऑफिस होईल.”

“मामा,” शिवराज सरांनी विचारलं, “खरंच वाचता येत नाही?”

“नाय.”

“मग सात वर्षं कसं केलंत?”

“वळखतो.”

“कसं ओळखता, ते सांगा ना सगळ्यांना. समोर वीस गाड्या आहेत. एकेकीची खूण सांगा. लोकांना पटेल.”

मामांनी एकदा कस्तुराबाईंकडे पाहिलं.

“सांग की, बाबा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मपल्याकडं तर गाडीच नाय, मला काय भ्या न्हाई.”

“खूण धन्यानं सांगावी, आजी. राखनारानं नाय.”

खुर्च्यांतून कुणीतरी हसलं. “भाऊ, ये क्या लॉजिक है!”

“ठीक आहे,” गोकुळ शेठ म्हणाले. “माझ्या एकट्याच्या गाडीची सांग. मी धनी आहे, मी परवानगी देतो. काय खूण होती, जी गेली म्हणून तू माझी गाडी अडवलीस? सांग, आणि कशी पडली तेही सांग. तुझ्या डोळ्यासमोरच पडली असेल ना?”

श्रेया रत्नमालाबाईंच्या खुर्चीमागे उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फार जपून पाहिलं नाही. ते टोपी काढून हातात धरून म्हणाले, “म्या चुकलो, शेठ. मान्य हाय. खूण नाय सांगत.”

“बघा! ऐकलंत?” गोकुळ शेठ उभे राहिले. “शिवराज सर, हात वर करायला सांगा.”

शिवराज सरांनी वही उघडली. तेवढ्यात श्रेया म्हणाली, “मी सांगते.”

“तू वर जा.”

“डाव्या बाजूला, मागच्या दारापासून दिव्यापर्यंत पोचा. दिव्याच्या खालच्या कोपऱ्याला चीर. बंपरला पिवळा रंग होता, खांबाचा.”

“कुठला रंग? मी पाहिली होती गाडी, रंग नव्हता.”

“मी पुसला. तुम्ही यायच्या आत.” ती खुर्चीमागून पुढे आली. “महाशिवरात्रीला मीच घेतली होती गाडी. मीच घातली या खांबावर. मामा समोर होते.”

रत्नमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. गोकुळ शेठ मुलीकडून मामांकडे वळले. “मी तुला इथंच उभं राहून बोललो होतो. नको ते बोललो. तेव्हा तोंड कामून उघडलं नाहीस?”

त्यांच्या तोंडातून वैजापूरचा ‘कामून’ बाहेर पडला तो याच वेळी. एरवी ते इमारतीत शहरी बोलत.

“पोर तुमची, गाडी तुमची,” मामा म्हणाले. “तुमच्या घरातलं म्या काय सांगावं?”

शेठ खाली बसले. पण हट्टानं म्हणाले, “ते असू द्या. वाचता येत नाही, हे तर तसंच राहतं ना?”

आणि ते खरंच होतं. दुसऱ्या पोराचं वर्ष उद्या असंच अडकू शकलं असतं. शिवराज सरांनी आधी एजन्सीसाठी हात वर करायला सांगितले. सात. मग मामांना ठेवण्यासाठी. हात हळूहळू वर गेले, काही अर्धवट, काही शेजाऱ्याकडे बघून. तेरा. गोकुळ शेठनं दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवला.

“दिवाळीपर्यंत आकडे शिकायचे, मामा,” शिवराज सर म्हणाले. “अट आहे ही.”

“धाच तर हायेत,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “मी शिकविते. नाय आले तर ओट्यावर अंगठे धरून उभा करते.”

थोडं हसू झालं. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी करगोट्याच्या किल्ल्या सोडल्या आणि शिवराज सरांच्या वहीवर ठेवल्या. “राखन करतो. कुलूप नगं. आकडे आले म्हंजे द्या.”

“अहो, पण उद्या समोर लग्न आहे. जॅमर कोण लावणार?”

कुणी पुढे आलं नाही. शिवराज सरांनी किल्ल्या उचलून खिशात टाकल्या. खुर्च्या एकात एक बसू लागल्या. श्रेया आईच्या मागोमाग जिना चढून गेली; गोकुळ शेठ गाडीपाशी थांबले, मग तेही गेले.

मामा खोलीत शिरले तेव्हा दाराआड दोन पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या. दोरीवरची धोतरं नव्हती, भिंतीवरचा देव नव्हता. कस्तुराबाई एक पिशवी उपसून तवा शोधत होत्या.

“आधीच बांधाबांध कामून केली?” मामांनी विचारलं. “मी काय बोलतो ते तरी आयकायचं.”

“तुमी बोलनार नाय, ते मला म्हाईत होतं,” त्या तवा गॅसवर ठेवत म्हणाल्या. “चाळीस वरसं झाली. व्हा बाजूला, उजेड येऊ द्या.”