नऊ दिवस चढवलेली दोरी

मंडळाच्या दसऱ्याच्या जिवंत देखाव्यात मी सलग चार वर्षं मेलो. नकली मिशा, भाड्याचा अंगरखा, पहिल्या दोन मिनिटांत छातीवर वार, आणि मग देखावा संपेपर्यंत तळ्याकाठच्या मातीत उताणा. अंगानं काडी असलेल्याला मढ्याचंच काम द्यायचं, असा जणू मंडळाचा ठरावच होता. तळोज्याच्या कारखान्यात मी पावडरच्या पिशव्यांना लेबलं चिकटवत असे. घरी वडील मला कशातच धरत नसत. वर्षातून एकदा अख्ख्या पनवेलसमोर मरून दाखवणं, एवढीच माझी ख्याती.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. देखावा लिहून देणारे शाळेतले इतिहासाचे सर त्या वर्षी हट्टाला पेटले. पुठ्ठ्याची धनुष्यं बास झाली, म्हणाले. एक तरी बाण खरा सुटायला हवा आणि किल्ल्याच्या भिंतीवरच्या गवती पुतळ्यात रुतायला हवा. "जो खरं धनुष्य आणील, बाण तोच मारील." मी हात वर केला तेव्हा सगळे हसले, म्हणून तो मी खाली घेतला नाही.

मुंबईत खेळाच्या सामानाचं एक दुकान शोधून काढलं. फायबरच्या धनुष्याची किंमत ऐकली. माझे दोन पगार. सरांना सांगितलं तर म्हणाले, "असलं चकचकीत घेऊन आलास तर तुलाच किल्ल्यावरून ढकलीन. सरळ, माणसाएवढं, बांबूचं आण."

कर्नाळ्याच्या पायथ्याला एका वाडीवर एक कातकरी धनुष्यं करतो, असं कळलं. एका रविवारी एस.टी.नं गेलो. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. बाजारात मध नाहीतर लाकडाची मोळी विकायला आलेल्या या लोकांना आम्ही सरसकट अरे-तुरे करतो, मग वय काही का असेना. त्या दिवशी मात्र गरज होती, म्हणून मी त्याला "मामा" म्हणालो.

चुलीच्या वर, धुरात, त्याची तीन धनुष्यं आडवी टांगलेली होती. दोरी एकालाही चढवलेली नव्हती. मी अर्थातच सगळ्यात जाड असलेल्यावर बोट ठेवलं. त्यानं दोरी चढवून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "वढा. वढून धरा. मी सांगंपर्यंत सोडू नका." दोन श्वासांत माझे दंड लटपटायला लागले. मधलं दिलं, तेही पेललं नाही. तिसरं, सगळ्यात हलकं, कपाळाच्या उंचीचं, ते कानापर्यंत ओढून मी उभा राहू शकलो.

"ह्योच घ्या," तो म्हणाला. "दादा, पयला धनुष्य मानसानं लाजत घ्यायचा. मोठा घेतला त हात बिघरतो, मंग जल्मात नेम लागत नाय."

किमतीवरून घासाघीस केली नाही, कारण त्यानं सांगितलेली रक्कम ऐकून मलाच शरम वाटली. निघताना त्यानं दोरी उतरवली आणि एकच गोष्ट दोनदा बजावली. "काम झाला का दोरी उतरवाची. मानूस झोपतो ना, तसा त्याला पन झोपवाचा. नायतर जीव जातो त्याचा." मग जरा घुटमळून त्यानं विचारलं, "बगाया येऊ का मी?" मी म्हणालो, या की, मामींनाही आणा.

पुढचा महिनाभर कामावरून आलो की घरामागच्या मोकळ्या रानात भाताच्या पेंढीवर नेम धरायचा. हाताची कातडी सोलली, पण तिसऱ्या आठवड्यात चाळीस पावलांवरून दहातले सात बाण लागायला लागले. सर येऊन बघून गेले. वडील एकदा मागच्या दारात उभे राहिले आणि पुरते दोन बाण होईपर्यंत थांबले. मला तेवढं पुरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी चांगला होतो.

आणि मग घटस्थापना आली. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, धनुष्य देवीच्या मखरावर लावू, नऊ दिवस लोकांना दर्शन, दसऱ्याला थेट मैदानात. त्यांनी ते दोरी चढवूनच बांधायला लावलं. मी म्हणालो, दोरी उतरवून ठेवायला हवी. ते म्हणाले, "उतरवलेलं शस्त्र देवीपुढे? शरण आल्यासारखं दिसेल ते!" आणि एकदा हळद-कुंकू वाहिल्यावर दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही, हेही तिथेच ठरलं.

मी भांडू शकलो असतो. सर माझ्या बाजूनं बोलले असते. पण खरं सांगायचं तर मला ते तिथे आवडलं. झेंडूचा हार, वर हॅलोजनचा झोत, आणि रांगेतल्या बायका एकमेकींना सांगत, हे अमक्याच्या मुलाचं. आई रोज संध्याकाळी आरतीला यायची ती देवीकडे कमी आणि धनुष्याकडे जास्त बघायची. नऊ दिवस मी रोज त्या ताणलेल्या दोरीकडे बघितलं आणि रोज गप्प बसलो.

दसऱ्याला ऊन कलता कलता देखावा सुरू झाला. तळ्याकाठचं मैदान गच्च भरलं होतं. दोरखंडाच्या पलीकडे, अगदी पुढे, वाडीवरचा तो कातकरी आणि त्याची बायको उभी होती. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. मी धनुष्य ओढलं आणि ओढतानाच कळलं. हाताला काही जोरच लागेना. बाण सुटला, अर्ध्या वाटेवर दमला आणि मेलेल्या सैनिकांच्या मध्ये आडवा पडला. दुसरा मारला, तोही तिथेच.

मैदानभर हशा पिकला. "नाचता येईना, अंगण वाकडं!" कुणीतरी ओरडलं. अध्यक्ष लाऊडस्पीकरवरून म्हणाले, "कातकऱ्याचा माल, दुसरं काय होणार!" त्यावर आणखी हशा.

तो दोरखंडाखालून वाकून आत आला. माझ्या हातातलं धनुष्य घेतलं, दोरी उतरवली. बांबू सरळ झालाच नाही, तसाच बाक धरून राहिला. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "दादा, दोरी उतरवलेली ना?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. सर बघत होते. वडील तिसऱ्या रांगेत होते.

"रोज उतरवत होतो," मी म्हणालो.

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मखर त्यानं पाहिलंच नव्हतं, मग शंका तरी कशी घेणार? मान हलवून म्हणाला, "मंग बांबू कवळा ऱ्हायला आसंल. माजीच चूक." त्यानं माझे पैसे परत देऊ केले, तिथेच, सगळ्यांसमोर. मी घेतले नाहीत, आणि लोकांना त्यात माझा मोठेपणा दिसला. सर मात्र त्यानंतर माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्याला खरं सांगायचं म्हणून निघायलाच मला दोन वर्षं लागली. वाडीवर गेलो तेव्हा तो कळंबोलीला बांधकामावर गेला होता. बायको दारात होती. चुलीवरची जागा रिकामी होती.

मी विचारलं, धनुष्यं कुठे गेली?

"बनवीत नाय आता," ती म्हणाली. "पोरा मागाया येतात, त्यांना पन नाय बोलतो. बोलतो, माजा हात गेला, बांबू वलकाया येत नाय आता मना. तिकरं तल्यावं समद्यांच्या म्होरं बान पडला ना."

तिनं मला बसायला गोणपाट टाकलं आणि तांब्या दिला. तिला तरी सांगायचं होतं. मी पाणी प्यालो, मामांना विचारलं म्हणून सांगा, असं म्हणालो आणि पाचची एस.टी. पकडली.