पडूमावशीचं लुगडं

पडूमावशीसारखं पडणं मी दुसरं पाहिलं नाही. धाडकन आपटायची, आणि मग उठायची घाई नाही. आडवी असतानाच आधी पदर सावरायची, कोणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघायची आणि शेवटी जमिनीलाच झापायची, "दिसत नाई का वं तुले?" इथं अख्खं अकोला खो खो हसायचं. मी तिची सून. म्हणजे मोबाईलवरच्या वऱ्हाडी व्हिडिओंमधली.

ती या धंद्यात शिरली तीच भांडून. आमचा दिग्दर्शक एरवी लग्नांचं शूटिंग करणारा. पहिल्याच व्हिडिओत सासू चिखलात पडते, आणि सासू व्हायला त्यानं एक बाप्या मिशी काढून तयार ठेवला होता. त्याच्यासाठी लुगडं मागायला आम्ही माझ्या शेजारी राहणाऱ्या या मावशीकडे गेलो. "बाई काहून नाई घेत?" तिनं विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, "बाई पडली का लोकाईले कीव येते, मावशी. बाप्या लुगडं नेसून पडला का हसू येते." मावशीचं डोकंच फिरलं. तरुणपणी अमरावतीच्या नाटकमंडळात तिच्या वाट्याला नुसत्या रडक्या आया आल्या होत्या. "जिंदगीभर रडवलं मले. आता लुगडं पाहिजे तं संग मी बी येईन," म्हणाली आणि खरंच गाडीत येऊन बसली. तेल्हाऱ्याच्या एका ओलित केलेल्या शेतात अशी पडली, की तो बाप्याच पोट धरून बांधावर बसला. बिचाऱ्याची मिशी फुकट गेली.

हट्टी तर किती! लागू नये म्हणून आम्ही खाली कापूस पसरला, तर तिनं तो पायानं सारला. "आवाज कोण करन मंग? तू?" अमरावतीचा मास्तर मुलगा फोन करून डोकं खायचा, "आई, चार लोकं काय म्हणतील?" "चार कायले बापू, पुरा जिल्हा पाहून राहिला!" एवढं बोलून फोन बंद. मला पडायची भीती वाटायची, म्हणून सगळ्यांसमोर मला 'काचेची बरणी' म्हणायची. असा राग यायचा मला!

मग मावशी खरोखरची पडली. शूटिंगमध्ये नाही, घरी न्हाणीत. खुबा मोडला. डॉक्टरांनी पडणं कायमचं बंद केलं. ती दवाखान्यातून घरी येते न येते, तोच दिग्दर्शक दारात हजर. सोबत तोच बाप्या, मिशी पुन्हा काढलेली. "मावशी, तेवढं लुगडं..."

मी तिथंच होते. इतकी वर्षं आपटून मिळवलेली जागा चालली, हे मला मावशीच्या तोंडावर दिसलं आणि राहवलं नाही. "लुगडं मी नेसते," मी म्हटलं.

"काचेची बरणी, फुटशीन!"

"फुटू द्या."

मावशीनं लुगडं काढायला पेटीकडं बोट दाखवलं.

केस पांढरे करून मी त्याच शेतात पडले. खाटेवर पडल्यापडल्या तिनं तो व्हिडिओ पाहिला. "पडली बरी. पण उठाची घाई काहून केली वं? लोकाईले हसू तं दे."

त्याच उन्हाळ्यात मावशी गेली. लुगडं तिच्या मुलानं माझ्याकडंच राहू दिलं. आता मी पडले की तशीच आडवी राहते, जरा जास्तच वेळ. दिग्दर्शक घाबरून ओरडतो, "लागलं का ताई?" मी पदर सावरते. इकडंतिकडं बघते. ती कुठंच नसते. मग जमिनीला चांगली झापते.